फिल्टर हाऊस गाळासाठी, तेलासाठी नव्हे

जून संपत आला की पंचगंगा तांबडी होते. गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा या तालुक्यांतल्या डोंगरांवरची माती ओढ्याओढ्यांतून नदीत उतरते. या दिवसांत जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीतून, उपसलेलं कच्चं पाणी काचेच्या ग्लासात धरलं, तर ग्लासामागं ठेवलेलं बोटसुद्धा दिसत नाही. काही तासांनी तेच पाणी फिल्टर हाऊसच्या दुसऱ्या टोकाला बाहेर पडतं, तेव्हा ग्लासाखाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची बारीक अक्षरं वाचता येतात.

उन्हाळ्यात याच नदीत, बंधाऱ्यामागं तुंबलेल्या संथ पाण्यावर, कधी जांभळट-सोनेरी तवंग दिसतो. खालचं पाणी नितळ असतं. त्यामुळे पावसाळ्यातलं तांबडं पाणी घाण वाटतं आणि हे त्या मानानं बरं वाटतं. फिल्टर हाऊसच्या दृष्टीनं मात्र खरी अडचण या दुसऱ्या पाण्याची आहे. गाळाशी झुंजण्यासाठीच ते बांधलेलं असतं. तेलासाठी त्याच्याकडे वेगळी सोय नसते. असं का, हे समजून घ्यायचं तर आधी गाळ कसा निघतो ते पाहावं लागेल, मग तेल त्याहून वेगळं का वागतं ते. त्यावरून तेल अडवायची जागा कुठली, हेही स्पष्ट होईल.

पाणी कुठून येतं, कुठं जातं

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या आणि लोकश्रद्धेतली गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते. प्रयाग चिखलीच्या संगमापासून ती या नावानं वाहते आणि सुमारे ८० किलोमीटरवर नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. कोल्हापूर शहराला वर्षानुवर्षं बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूर या उपसा केंद्रांतून पाणी मिळत आलं. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी सुमारे ५३ किलोमीटरच्या थेट पाइपलाइनमधून पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात पोचलं. या पाइपलाइनसाठी कोल्हापूरकरांनी अनेक वर्षं आंदोलनं केली. पंचगंगेचं प्रदूषण हे त्या मागणीमागचं एक मोठं कारण होतं.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. शहराची उपसा केंद्रं शहराच्या वरच्या अंगाला आहेत, आणि शहराचं सांडपाणी नदीला मिळतं ते खालच्या अंगाला. कळंब्याकडून येणारा जयंती नाला शहराच्या मध्यातून वाहतो. त्यातलं सांडपाणी पंपानं उचलून कसबा बावड्याच्या रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्राकडे नेलं जातं. दुधाळीला १७ दशलक्ष लिटरचं दुसरं केंद्र आहे. पंप बंद पडला किंवा मोठ्या पावसानं नाला फुगला की प्रक्रियेविना पाणी थेट पंचगंगेत जातं. म्हणजे कोल्हापुरात गटारीत सोडलेलं तेल कोल्हापूरकरांच्या नळाला येत नाही. ते हातकणंगले, शिरोळ तालुक्यांतल्या गावांच्या आणि इचलकरंजीच्या पाण्यात जातं. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसं दगावली. ती सांडपाणी मिसळलेल्या पिण्याच्या पाण्यातून पसरली होती. पंचगंगेचा प्रश्न त्यानंतर उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या साथीला तेल कारण नव्हतं, पण वरच्या गावानं सोडलेलं खालच्या गावाला प्यावं लागतं, हे तिनं कायमचं दाखवून दिलं.

तुरटी काय करते

कच्चं पाणी फिल्टर हाऊसमध्ये आलं की आधी पायऱ्यांच्या कारंज्यावरून खाली सोडतात. पाणी फुटतं, हवा मिसळते, कुजका वास आणणारे वायू निघून जातात. मग त्यात तुरटी किंवा पीएसी, म्हणजे पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड, मिसळतात.

तुरटी लागते, कारण नदीतली चिकणमाती आपणहून खाली बसत नाही. तिचे कण एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतात. प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो. सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून ते जुळत नाहीत आणि दिवसेंदिवस पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतल्या अॅल्युमिनियमचा धनभार हा ऋणभार मारतो. ढकलाढकली थांबली की कण एकमेकांना चिकटू लागतात. शिवाय अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट, कापसासारखा पुंजका तयार होतो. तो आजूबाजूचे कण गोळा करत मोठा होतो.

तुरटी पडल्यावर पहिलं अर्धं-एक मिनिट पाणी जोरात घुसळतात, म्हणजे ती सगळीकडे पोचते. पुढची २० ते ३० मिनिटं मात्र अगदी हळू ढवळतात, कारण जोरात ढवळलं तर जमलेले पुंजके फुटतात. त्यानंतर दोन-अडीच तास पाणी क्लॅरिफ्लॉक्युलेटरच्या मोठ्या गोल टाकीत संथ राहतं. पुंजके तळाशी बसतात आणि वरचं निवळलेलं पाणी कडेच्या खाचांवरून पन्हाळीत उतरतं.

किती तुरटी घालायची हे रोज ठरवावं लागतं. त्यासाठी जार टेस्ट करतात. सहा काचपात्रांत एकच कच्चं पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटीची मात्रा थोडी थोडी वाढवायची, ढवळायचं आणि थांबायचं. पहिल्या पात्रात पाणी गढूळच राहतं. तिसऱ्या-चौथ्या पात्रात पुंजके ठळक दिसतात आणि भराभर खाली बसतात. शेवटच्या पात्रात तुरटी जास्त झाल्यानं पाणी पुन्हा धुरकट होऊ शकतं. ज्या सर्वांत कमी मात्रेत पाणी चांगलं निवळतं, ती त्या दिवसाची मात्रा. पावसाळ्यात नदीचा रंग बदलला की हा प्रयोग दिवसातून अनेकदा करावा लागतो.

वाळू चाळणीसारखी चालत नाही

निवळलेल्या पाण्यातही बारीक पुंजके राहतात. ते वाळूच्या थरातून काढतात. हा थर साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर जाडीचा असतो. कण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे, सगळे जवळपास एकाच मापाचे. खाली खडीचे थर असतात आणि त्याखाली पाणी गोळा करणाऱ्या नळ्या. एक चौरस मीटर वाळूतून तासाला साधारण पाच हजार लिटर पाणी उतरतं.

वाळू घाण गाळून घेते, असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात अर्ध्या मिलिमीटरच्या कणांमधल्या फटी ७०-८० मायक्रॉनच्या असतात आणि मातीचा किंवा जिवाणूचा आकार एक मायक्रॉन. चाळणीच्या हिशेबानं हे कण आरपार जायला हवेत. ते अडतात ते चिकटण्यामुळे. पाणी वाळूच्या कणाकणाला वळसे घालत उतरताना त्यातले बारीक पुंजके वाळूच्या पृष्ठभागाला टेकतात. तुरटीनं त्यांचा भार आधीच मारलेला असतो, म्हणून ते तिथंच धरले जातात. तुरटीची मात्रा चुकली तर कितीही चांगली वाळू असली तरी गढूळपणा खाली उतरतो. गाळणीचं अर्धं यश तुरटीच्या टाकीत ठरलेलं असतं.

हळूहळू फटी भरत जातात आणि पाणी उतरायला अधिक दाब लागतो. हा अडथळा ठरावीक पातळीला पोचला की बॅकवॉश करतात, म्हणजे उलटं धुतात. खालून आधी हवा सोडतात. वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि चिकटलेली घाण सुटते. मग खालून जोरात पाणी सोडतात. वाळू फुगते आणि घाण वरच्या पन्हाळीतून वाहून जाते. सुरुवातीला पन्हाळीतलं पाणी चहाच्या रंगाचं असतं. दहा-पंधरा मिनिटांत ते स्वच्छ दिसू लागलं की वाळू पुन्हा कामाला तयार होते.

शेवटी क्लोरिन. तो जंतू मारतो, पण त्याला साधारण अर्धा तास संपर्क लागतो. घरातल्या नळापर्यंत लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक राहावा, असा दंडक आहे. पाणीपुरवठ्याचे कर्मचारी नळाच्या पाण्यात ओ.टी. द्रावणाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते बघतात, ती याच शिल्लक क्लोरिनची तपासणी.

या सगळ्या साखळीचा पाया एकच: घाण पाण्यापेक्षा जड आहे आणि ती चिकटून खाली बसते. तेलाच्या बाबतीत हा पायाच हलतो.

तेल चार रूपांत येतं

तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. तांबडा रस्सा थोडा वेळ स्थिर ठेवला की तवंग वर येतो, तसं नदीतलंही मोकळं तेल वर येतं. पण तेल पाण्यात नेहमी असं मोकळं नसतं, आणि त्याच्या रूपावर उपाय अवलंबून असतो.

पहिलं रूप मोकळ्या तेलाचं. त्याचे थेंब मोठे, १५० मायक्रॉन किंवा त्याहून मोठे असतात. दुसरं, विखुरलेलं. पंपाच्या पात्यांतून किंवा धबधब्यासारख्या प्रवाहातून गेल्यानं थेंब फुटून साधारण २० ते १५० मायक्रॉनचे झालेले असतात. तिसरं, दुधाळ. यात साबण, डिटर्जंट किंवा कूलंटमधली रसायनं तेलाच्या अतिबारीक थेंबांभोवती वेढा घालतात आणि त्यांना एकत्र येऊ देत नाहीत. चौथं, विरघळलेलं. पेट्रोल-डिझेलमधले बेंझिन, टोल्युइनसारखे घटक पाण्यात थोड्या प्रमाणात खरोखर विरघळतात. त्यांचा डोळ्यांना पत्ताच लागत नाही.

थेंबाचा आकार इतका महत्त्वाचा का, हे एका हिशेबानं कळतं. संथ पाण्यात थेंब वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हा स्टोक्सचा नियम. पाण्याच्या नऊ दशांश घनतेच्या तेलाचा १५० मायक्रॉनचा थेंब एक मीटर वर यायला साधारण १२ मिनिटं घेतो. थेंब दहापट लहान, म्हणजे १५ मायक्रॉनचा झाला की तेच अंतर कापायला सुमारे २० तास लागतात. दीड मायक्रॉनचा झाला की तीन महिन्यांच्या जवळपास. तेल तेवढंच असतं, फक्त ते बारीक झालं की वर येण्याची वाट बघणं निरर्थक ठरतं.

म्हणून साबण हा तेलाच्या प्रश्नातला सर्वांत मोठा फसवा भाग आहे. तेलकट फरशीवर डिटर्जंट टाकून पाणी मारलं की फरशी स्वच्छ होते आणि तेल गेलंसं वाटतं. तेल कुठंही जात नाही. बारा मिनिटांत वर येऊन निपटून घेता आलं असतं असं तेल आपण आठवडे, महिने पाण्यात तरंगत राहील अशा रूपात बदलून गटारीत सोडलेलं असतं.

तेल फिल्टर हाऊसमध्ये शिरलं तर

जॅकवेलचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाखाली असतं, त्यामुळे जाड तवंग बराचसा बाहेरच राहतो. आत येतं ते विखुरलेलं आणि दुधाळ तेल.

तुरटी इथंही थोडी मदत करते. दुधाळ तेलाच्या थेंबांवरही ऋणभार असतो आणि तुरटी तो मारते. पण मातीचा पुंजका जड म्हणून बसतो, तर तेल अडकलेला पुंजका हलका होतो. तो अर्धवट तरंगत राहतो आणि कडेच्या खाचांवरून निवळलेल्या पाण्याबरोबर पुढं जातो.

वाळूत गेल्यावर नुकसान अधिक टिकाऊ होतं. तेल वाळूच्या कणांवर पातळ लेप धरतं. लेप लागलेले कण एकमेकांना आणि पुंजक्यांना चिकटून चिखलाचे गोळे बनतात. बॅकवॉशच्या थंड पाण्यानं मातीचा थर सुटतो, तेलाचा सुटत नाही. गोळे वाढत जातात, पाणी त्यांना टाळून मोजक्या वाटांनी भराभर उतरू लागतं आणि बाकीची वाळू नुसती पडून राहते. शेवटी कॉस्टिक सोड्यानं वाळू धुवावी लागते किंवा अख्खा थर काढून नवा भरावा लागतो.

विरघळलेला भाग तर तुरटी, वाळू, क्लोरिन सगळ्यांना चुकवून पुढं जातो. तेलाबरोबर फिनॉलसारखे पदार्थ असतील तर क्लोरिनशी संयोग होऊन क्लोरोफिनॉल तयार होतात आणि अगदी सूक्ष्म प्रमाणातही पाण्याला औषधासारखी चव येते. असे पदार्थ काढायला सक्रिय कोळसा, म्हणजे अॅक्टिव्हेटेड कार्बन, लागतो. त्याच्या एका ग्रॅमच्या अंतर्गत छिद्रांचा पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर असतो आणि तेलकट रेणू त्याला चिकटून बसतात. घरगुती शुद्धीकरण यंत्रात छोटी कोळशाची नळी असते, पण ती लवकर भरते आणि तेलानं आर.ओ.चा पडदाही खराब होतो. नळाच्या पाण्याला रॉकेल-डिझेलचा वास आला तर ते उकळून प्यायचं नाही. उकळण्यानं जंतू मरतात, तेल जात नाही. ते पाणी पिण्या-स्वयंपाकाला वापरू नये आणि महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला लगेच कळवावं.

एका लिटरचा हिशेब

दुचाकीचं ऑइल बदलताना साधारण एक लिटर काळं तेल निघतं. त्याचं वजन ९०० ग्रॅम, म्हणजे नऊ लाख मिलिग्रॅम धरू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक लिटर काळं तेल १८ लाख लिटर पाणी या मर्यादेच्या काठावर आणून ठेवतं. माणशी रोज १३५ लिटर धरले तर ते १३ हजारांहून अधिक माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं.

तेच तेल पृष्ठभागावर पसरलं तर? इंद्रधनुषी रंग दिसायला तवंग एका मायक्रॉनपेक्षाही पातळ चालतो. ०.३ मायक्रॉन जाडी धरली तर एक लिटर तेल तीन हजार चौरस मीटरहून अधिक पाणी झाकतं.

नदीच्या प्राणवायूचा हिशेबही तितकाच कठोर आहे. तेल खाणारे जिवाणू निसर्गात असतात आणि शेवटी तेच ते संपवतात, पण एक किलो तेल पूर्ण पचवायला त्यांना तीन किलोहून अधिक प्राणवायू लागतो. उन्हाळ्यात स्वच्छ पाण्यातही लिटरमागं आठ मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू विरघळलेला असतो. एक लिटर तेल पचवायला जवळजवळ चार लाख लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू खर्ची पडतो. वरून तवंगामुळे हवेतला नवा प्राणवायू पाण्यात उतरायलाही अडथळा येतो. तेल माशांच्या कल्ल्यांना चिकटतं आणि गाळात मुरून तळाच्या जिवांपर्यंत पोचतं.

नावातच कोल्हापूर असलेले के. टी. बंधारे इथं या नदीवर ठिकठिकाणी आहेत. पावसाळा सरला की त्यांचे बरगे घालतात आणि पाणी अडतं. शेतीला ते वरदान आहे. मात्र बरग्यांमागं तुंबलेल्या पाण्याला खळाळ नसतो, त्यामुळे खर्च झालेला प्राणवायू भरून येत नाही. उन्हाळ्यात तेरवाडसारख्या बंधाऱ्यांपाशी मेलेल्या माशांचा खच दिसतो, त्यामागं मळीमिश्रित आणि घरगुती सांडपाण्याचा वाटा मोठा असतो. आधीच गुदमरलेल्या अशा पाण्यात तेलाची भर पडली की उरलासुरला प्राणवायूही जातो.

कायद्यानुसार नदीत सोडायच्या सांडपाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. ही मर्यादा पाळली तरी ते पिण्याच्या पाण्याच्या खनिज तेलाच्या मर्यादेच्या वीसपट आहे. म्हणजे नदीत किमान वीसपट स्वच्छ पाणी असेल हे आपण गृहीत धरतो. जुलैत ते असतं. एप्रिल-मे महिन्यांत नसतं.

तेल वेगळं करायची यंत्रं

तेल वेगळं करणं अशक्य नाही. ते जिथं निघतं तिथं केलं तर सोपंही आहे.

मोकळ्या तेलासाठी तीन कप्प्यांची साधी टाकी पुरते. पहिल्या कप्प्यात वाळू-माती बसते. दुसऱ्यात पाणी संथ होतं आणि तेल वर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या कप्प्यांमधली भिंत तळाशी थोडी उघडी ठेवतात, म्हणजे तिच्याखालून फक्त पाणी जातं आणि तवंग मागंच अडतो. बाहेर जाणारा पाइपही वाकवून त्याचं तोंड पाण्यात खाली ठेवतात. वरचं तेल आठवड्याला काढून डब्यात भरायचं. तेल शुद्धीकरण कारखान्यांतल्या मोठ्या विभाजक टाक्याही याच तत्त्वावर १५० मायक्रॉनपर्यंतचे थेंब पकडतात. हॉटेल-खानावळींसाठी असते ती ग्रीस ट्रॅप, म्हणजे हीच टाकी लहान मापात. चरबी थंड होऊन गोठायला अर्धा तास मिळेल एवढी ती हवी आणि नियमित उपसायला हवी. भरलेली ग्रीस ट्रॅप असून नसल्यासारखी.

दुधाळ तेलाला अधिक काम लागतं. आधी आम्ल किंवा तुरटीसारखी रसायनं घालून साबणाचा वेढा तोडायचा. मग दाबाखाली हवा विरघळवलेलं पाणी टाकीच्या तळाशी सोडायचं. दाब सुटताच ३० ते १०० मायक्रॉनचे लाखो बुडबुडे तयार होतात. ते तेलाच्या थेंबांना आणि पुंजक्यांना चिकटून त्यांना वर आणतात आणि वरची साय फळीनं खरवडून काढता येते. याला डीएएफ म्हणतात. फिल्टर हाऊस घाण खाली बसवतं, डीएएफ ती वर आणतं. तेलाच्या स्वभावाला धरून केलेली ही रचना आहे, पण तिचा खर्च साध्या टाकीच्या कितीतरी पट येतो.

समुद्रातलं तेल हा आणखी वेगळा विषय. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली, तेव्हा सुमारे ८०० टन तेल सांडलं आणि किनाऱ्यावरच्या कांदळवनांपर्यंत पोचलं. भर समुद्रात तवंग फोडायला रसायनं फवारतात, म्हणजे थेंब बारीक होऊन जिवाणूंना खाता यावेत. नदीत हाच उपाय घातक ठरतो, कारण खाली थोड्याच अंतरावर कुणाचं तरी जॅकवेल असतं.

कोल्हापुरातलं तेल कुठं अडवायचं

हे शहर यंत्रांचं आहे. शिवाजी उद्यमनगर, वाय. पी. पोवारनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप्सनी ऑइल इंजिनांच्या सुट्या भागांपासून मोटारींच्या भागांपर्यंत नाव कमावलं. लेथवर कटिंग चालू असतं तेव्हा टूलवर दुधासारखं पांढरं कूलंट पडत राहतं. ते ९० टक्क्यांहून जास्त पाणी आणि उरलेलं तेल. खालच्या टाकीत साचतं, पंपानं पुन्हा वर जातं. काही आठवड्यांनी त्याला आंबूस वास येतो, वर यंत्राच्या बेअरिंगचं तेल तरंगू लागतं, तळाशी लोखंडाचा चुरा बसतो आणि टाकी रिकामी करायची वेळ येते. इथंच एक मिनिटाचा निर्णय असतो: गटार की ड्रम. वर तरंगणारं तेल आधी काढून घेतलं आणि चुरा गाळला तर कूलंटचं आयुष्य वाढतं. अखेर टाकायची वेळ आली की ते ड्रममध्ये भरून मान्यताप्राप्त प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यायचं. कूलंट मुळातच दुधाळ असल्यामुळे साध्या टाकीत ते वेगळं होत नाही. गटारीत गेलं की ते अडवायचा सोपा मार्ग उरत नाही.

गॅरेजमधल्या काळ्या तेलाला तर किंमत असते. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच देता येतं. १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकलेली आहे. म्हणजे संकलनाची साखळी उभी राहायला कायद्याचा आधार आहे. गॅरेजवाल्यानं करायचं ते इतकंच: तेल ट्रेमध्ये उतरवायचं, ड्रममध्ये भरायचं, सांडलेल्यावर आधी भुसा टाकून ते शोषून घ्यायचं आणि मगच फरशी धुवायची. गाड्या धुण्याच्या सेंटरला तीन कप्प्यांची टाकी हवीच, आणि साबण कमीत कमी. घाटावर नेऊन गाडी धुतली तर यातलं काहीच होत नाही. तेल आणि साबण एकदमच नदीत उतरतात.

महापूर आला की हे सगळं आणखी निकडीचं होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्याही वर. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. दोन्ही वेळा उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडं पाणी असताना शहराचे नळ कोरडे राहिले. असं पाणी गॅरेज-कारखान्यांत शिरतं तेव्हा जमिनीवर उघडे ठेवलेले तेलाचे ड्रम उलटतात आणि सगळं परिसरात पसरतं. इशारा पातळी ३९ फूट ओलांडली की माणसं जनावरं आणि सामान हलवू लागतात. पूररेषेतल्या प्रत्येक दुकानानं त्याच वेळी तेलाचे ड्रम झाकण घट्ट करून वरच्या मजल्यावर न्यायला हवेत.

घरातल्या तेलाचा वाटाही लहान नाही. मटणाचं पातेलं, वड्याची कढई थेट नळाखाली धरली की चरबी गटारीच्या पाइपात गोठते आणि उरलेलं तेल साबणासकट नाल्यात जातं. कढई आधी जुन्या वर्तमानपत्रानं पुसून घ्यायची आणि तो कागद सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळा द्यायचा. तळणीचं उरलेलं तेल बाटलीत साठवायचं. एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०१८ पासून वापरलेलं खाद्यतेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याचा उपक्रम चालवला आहे. मिसळ-वड्यांची हॉटेलं असलेल्या या शहरात तो खोलवर रुजायला हवा.

महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांचं काम दंड करण्यापुरतं नाही. उद्यमनगरासारख्या ठिकाणी एकेका छोट्या कारखान्याला स्वतःची डीएएफ यंत्रणा परवडणार नाही. पन्नास कारखान्यांनी मिळून एक सामायिक संकलन केंद्र चालवणं परवडेल. जयंती आणि दुधाळी नाल्यांच्या उपनाल्यांवर तेल आणि ग्रीसची नियमित मोजणी करून आकडे लोकांसमोर ठेवले, तर तेल कुठल्या भागातून येतं ते लपून राहणार नाही.

तेल जसजसं पुढं जातं तसतसं ते काढणं महाग होतं. लेथखालच्या ट्रेमध्ये ते एका हातानं उचलता येतं. गटारीच्या तोंडाशी तीन कप्प्यांची टाकी लागते. सांडपाणी केंद्रात यंत्रणा, वीज आणि रसायनं लागतात. नदीत उतरलं की खालच्या एखाद्या गावाच्या फिल्टर हाऊसची वाळू, त्या गावाचा पैसा आणि तिथल्या लोकांचं आरोग्य खर्ची पडतं. शिरोळच्या कुणा घरातल्या नळाच्या पाण्याची काळजी उद्यमनगरातल्या एखाद्या ड्रमपाशी सुरू होते, आणि ती घेणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.